हरलं शिकागो, बक्षीस मिनेसोटाला

२३ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, म्हणजे डब्ल्यूएनबीएची, एक सोडत निघाली. तळाच्या संघांना पुढच्या वर्षी चांगली नवी खेळाडू मिळावी, एवढ्यासाठीच ही सोडत असते. पहिला क्रमांक डॅलस विंग्जला मिळाला. ते ठीकच, ४४ पैकी ३४ सामने हरलेला संघ तो. दुसरा क्रमांक मिळाला मिनेसोटा लिंक्सला, आणि तिथे अनेकांनी डोळे चोळले. कारण मिनेसोटा त्या हंगामात लीगमध्ये अव्वल होता. ४४ पैकी ३४ सामने जिंकलेला!

घोळ काही झाला नव्हता. तो क्रमांक मुळात शिकागो स्कायचा. शिकागोची कामगिरी १० विजय, ३४ पराभव. मिनेसोटाचा आकडा आरशात धरावा तशी. सगळ्यात जास्त हरण्याची भरपाई सगळ्यात जास्त जिंकणाऱ्याच्या पदरात कशी पडली, हे समजलं की शिकागोचा हंगाम नुसता वाईट नव्हता, दुप्पट वाईट होता, हेही समजतं.

या लीगमधल्या केटलिन क्लार्क आणि अँजेल रीस यांच्या क्लिप्स आपल्याकडेही आता फोनवर फिरतात. पण त्या क्लिप्सच्या मागचं गणित क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला चटकन लागत नाही. म्हणून आधी पायापासून.

शेवटच्याला पहिला मान का?

आयपीएलमध्ये नवा असो की जुना, प्रत्येक जण लिलावात येतो आणि जो संघ जास्त बोली लावेल त्याचा होतो. २०२५ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिले. त्याबद्दल त्यांना पुढच्या वर्षी कुणी काही सवलत दिली नाही.

अमेरिकेत नव्या खेळाडूंसाठी लिलाव नाही, ‘ड्राफ्ट’ असतो. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या आणि परदेशातून येणाऱ्या तरुण खेळाडूंची यादी समोर असते आणि संघ एकामागून एक आपल्या पाळीनं नाव उचलतात. पगार आधीच ठरलेला, बोली नाही. त्यामुळे सगळा खेळ पाळी कितवी यावर येतो. दुबळ्या संघाची पाळी आधी यावी म्हणजे लीगमध्ये थोडा समतोल राहील, असा हेतू.

ही पाळी किती मोलाची असते? २०१७ मध्ये सॅन अँटोनियोचा संघ ३४ पैकी ८ सामने जिंकला. तो पुढे लास व्हेगसला गेला आणि २०१८ मध्ये पहिल्या क्रमांकावर त्यांनी एजा विल्सनला घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी केल्सी प्लम आणि पुढच्या वर्षी जॅकी यंग, ह्याही पहिल्याच क्रमांकावर. सलग तीन वर्षं पहिली पाळी! त्याच लास व्हेगस एसेसनी २०२२, २०२३ आणि २०२५ ची विजेतेपदं घेतली. इंडियाना फीव्हर २०२२ मध्ये ३६ पैकी फक्त ५ सामने जिंकला होता; त्यानंतरच्या दोन ड्राफ्टमध्ये अलिया बोस्टन आणि केटलिन क्लार्क त्यांच्याकडे आल्या. खुद्द शिकागोचं पाहा. २०१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्यांना एलेना डेलेडॉन मिळाली आणि आदल्या वर्षी १४ सामने जिंकलेला संघ त्या वर्षी २४ जिंकला.

सोडत कशी निघते?

१ ते १४ आकडे घातलेले चेंडू एका यंत्रात घुमवतात आणि त्यातले चार बाहेर काढतात. चार आकड्यांचे एकूण १,००१ संच होतात. त्यातले १,००० संच तळाच्या संघांना आधीच वाटून दिलेले असतात. जो जास्त हरला त्याला जास्त संच. ज्याचा संच निघेल त्याची पहिली पाळी, मग तसंच दुसऱ्या पाळीसाठी. त्यापुढचे क्रमांक सोडतीनं ठरत नाहीत, सरळ कामगिरीच्या उलट्या क्रमानं लागतात.

कामगिरी एका वर्षाची धरत नाहीत, दोन वर्षांची धरतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २०२४ आणि २०२५ मिळून ८४ सामन्यांत डॅलसचे विजय १९, शिकागोचे २३, लॉस एंजेलिसचे २९, वॉशिंग्टनचे ३० आणि कनेक्टिकटचे ३९. कनेक्टिकट २०२५ मध्ये अवघे ११ सामने जिंकला होता, शिकागोहून फक्त एक जास्त. पण आदल्या वर्षीचे २८ विजय जमेला आल्यामुळे सोडतीत तो पाचांत शेवटी गेला.

मग शिकागोची पाळी गेली कुठे?

ड्राफ्टमधली आपली पाळी संघ सौद्यात दुसऱ्या संघाला देऊ शकतो. यंदाची, पुढच्या वर्षीची, त्याच्याही पुढची. इथेच सगळी गंमत आहे.

एप्रिल २०२४ मध्ये ड्राफ्टच्या तोंडावर शिकागोकडे आठवी पाळी होती, मिनेसोटाकडे सातवी. शिकागोला अँजेल रीस हवी होती आणि आठव्या पाळीपर्यंत ती उरेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी एक पायरी वर सरकण्यासाठी सौदा केला. मिनेसोटाला आठवी पाळी, सिका कोने ही खेळाडू आणि २०२५ ची दुसऱ्या फेरीतली एक पाळी दिली. शिवाय २०२६ च्या पहिल्या फेरीत हवी असल्यास पाळ्यांची अदलाबदल करण्याचा हक्कही दिला. म्हणजे २०२६ मध्ये शिकागोची पाळी आधी आली तर मिनेसोटानं ती घ्यायची आणि आपली मागची पाळी देऊन टाकायची.

कोकणात हातात पैसा हवा असला की आंब्याची बाग मोहरावरच व्यापाऱ्याला देऊन टाकतात. फळ किती धरेल, पाऊस कधी येईल, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. सौद्याच्या वेळी मोहर बेताचा दिसतो, म्हणून देणाऱ्याला फार गेल्यासारखं वाटत नाही. शिकागोचंही तसंच झालं. २०२३ मध्ये मिनेसोटा १९ सामने जिंकला होता, शिकागो १८. दोघं शेजारी शेजारी उभे होते. अदलाबदलीत फार तर एखाददुसरी जागा इकडेतिकडे होईल, असं त्या वेळी कुणालाही वाटलं असतं.

पुढच्या दोन वर्षांत मिनेसोटा वर गेला, शिकागो खाली. या बागेचा उलटा कायदा असा की देणाऱ्या घराचे दिवस जितके वाईट, तितकं फळ जास्त धरतं. शिकागोचा प्रत्येक पराभव मिनेसोटाच्या झाडावर एक फळ वाढवत होता.

हा सौदाच मूर्खपणाचा होता, असं मात्र मला वाटत नाही. रीस मिळाली, आणि ती मिळवण्यासारखीच होती. पहिल्या दोन्ही हंगामांत चुकून परतलेला चेंडू पकडण्यात, म्हणजे सरासरी रिबाउंडमध्ये, ती लीगमध्ये पहिली आली. माझ्या मते जास्त महागात पडला तो फेब्रुवारी २०२५ चा सौदा. २०२४ मध्ये शिकागो ४० पैकी १३ सामने जिंकला होता आणि त्यापायी त्यांच्या हातात २०२५ ची तिसरी पाळी आली होती. ती त्यांनी वॉशिंग्टनला देऊन टाकली आणि ॲरियल ॲटकिन्सला आणलं. ॲटकिन्स खणखणीत खेळाडू आहे. टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होती, २०१९ मध्ये वॉशिंग्टनबरोबर विजेतेपदही मिळवलेली. पण तिचा करार त्याच हंगामाअखेर संपणार होता. वॉशिंग्टननं त्या तिसऱ्या पाळीवर सोनिया सिट्रनला उचललं आणि ती पहिल्याच वर्षी लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात खेळली. नवोदित खेळाडू चार वर्षं स्वस्तात संघात राहते. अनुभवी खेळाडू तयार असते, पण महाग आणि थोड्या दिवसांची. शिकागोनं दुसरा रस्ता धरला, कारण त्यांना २०२५ मध्येच जिंकायचं होतं.

एवढे रिबाउंड, तरी पराभव कसा?

रिबाउंड म्हणजे नेम चुकून रिंगवरून किंवा बोर्डावरून परतलेला चेंडू पकडणं. त्यानं गुण मिळत नाही, संधी मिळते. त्या संधीचं पुढे काय होतं, त्यावर सामना ठरतो.

हंगामाचा पहिलाच सामना घ्या. १७ मे २०२५, इंडियानाच्या मैदानावर. रीसनं १७ रिबाउंड घेतले. इतके घेणारी खेळाडू ज्या संघात आहे तो निदान झुंज तरी देईल, असं वाटेल. निकाल होता ९३–५८, म्हणजे शिकागो ३५ गुणांनी हरला. पलीकडे केटलिन क्लार्कनं २० गुण, १० रिबाउंड आणि १० असिस्ट अशी तिन्ही खात्यांत दोन आकडी कामगिरी केली. असिस्ट म्हणजे जिच्या पासवरून लगेच बास्केट झाली तिच्या नावावर लागणारी नोंद.

फरक त्या तिसऱ्या खात्यात आहे. रीस आणि ब्राझीलची कमिला कार्डोसो या दोघी तेव्हा शिकागोच्या मोठ्या खेळाडू. दोघी उंच, दोघी रिंगजवळ खेळणाऱ्या. कार्डोसोला २०२४ च्या त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेलं. रिंगजवळच्या खेळाडूला चेंडू योग्य क्षणी, योग्य उंचीवर कुणीतरी द्यावा लागतो. दुरून नेम साधणारं कुणीतरी लागतं, म्हणजे बचाव करणाऱ्या पाचही जणी रिंगखाली गर्दी करत नाहीत. चेंडू वर आणणारी, कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारी जी खेळाडू, तिला पॉइंट गार्ड म्हणतात. त्या जागेसाठी शिकागोनं कोर्टनी वँडरस्लूटला परत आणलं होतं. लीगच्या इतिहासात सू बर्डनंतर सर्वाधिक असिस्ट तिच्या नावावर आहेत, आणि २०२१ चं शिकागोचं विजेतेपद तिच्याच हातांतून गेलेलं. वय मात्र ३६.

७ जूनला शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये इंडियानाशी सामना होता. संघाच्या नेहमीच्या विंट्रस्ट अरेनाच्या दुपटीहून मोठं हे स्टेडियम. तिथला डब्ल्यूएनबीएचा हा पहिलाच सामना. पहिल्याच क्वार्टरमध्ये रिंगकडे धाव घेताना वँडरस्लूट खाली बसली आणि उठली नाही. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता. त्याचा अर्थ हंगाम संपला. सामनाही ७९–५२ असा गेला, आणि तोसुद्धा क्लार्क दुखापतीमुळे बाहेर असलेल्या इंडियानासमोर.

“दुखापतींना कोण काय करणार?”

हा आक्षेप अर्धा खरा आहे. वँडरस्लूट गेली, पुढे रीसच्या पाठीनं त्रास दिला, मधे कार्डोसो ब्राझीलकडून अमेरिकाखंडाच्या स्पर्धेत खेळायला गेली.

पण इंडियानाकडेही बघा. क्लार्क ४४ पैकी फक्त १३ सामने खेळली. हंगामाच्या शेवटी त्यांच्या चेंडू हाताळणाऱ्या गार्ड एकामागून एक जायबंदी झाल्या आणि ऐनवेळी बाहेरून खेळाडू आणाव्या लागल्या. तरी तो संघ २४ सामने जिंकला आणि उपांत्य फेरीत लास व्हेगसला पाचव्या सामन्यापर्यंत खेचून घेऊन गेला. दुखापत सगळ्यांनाच होते. पाठीमागे बाकावर कोण बसलंय, त्यावर संघ टिकतो. शिकागोनं संघाची सगळी बांधणी छत्तिशीतल्या एका गुडघ्यावर उभी केली होती आणि तिच्या मागे त्या तोडीचं कुणी ठेवलं नव्हतं.

“मग पैसे टाकायचे आणि आणायच्या खेळाडू”

इथे नियम आडवा येतो. पगारासाठी प्रत्येक संघाला एक मर्यादा असते, आणि २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएत ती पक्की होती. मालक कितीही श्रीमंत असो, ती ओलांडता येत नसे. २०२५ साठी ती १५ लाख ७ हजार १०० डॉलर होती. त्या वेळच्या दरानं साधारण १३ कोटी रुपये, आणि हे सगळ्या संघाचे मिळून. आपल्या महिला प्रीमियर लीगमध्ये २०२५ साठी प्रत्येक संघाची थैली १५ कोटी रुपयांची होती. म्हणजे तेव्हा अमेरिकेतल्या चार महिन्यांच्या लीगमध्ये संघाला खर्चायला आपल्या काही आठवड्यांच्या लीगहून कमीच पैसे! एका खेळाडूला जास्तीत जास्त २ लाख ४९ हजार डॉलर देता येत. अशा दोन-तीन मोठ्या खेळाडू घेतल्या की उरलेल्या आठ-नऊ जणींत कसंबसं भागवायचं.

म्हणूनच ड्राफ्टमधली पाळी सोन्याच्या मोलाची. रीसचा २०२५ चा पगार सुमारे ७५ हजार डॉलर होता. इतक्या कमी पैशात लीगमधली पहिल्या क्रमांकाची रिबाउंडर दुसऱ्या कुठल्याही वाटेनं मिळत नाही. पाळ्या विकणारा संघ खरं तर स्वस्त मजूरच विकत असतो. (खेळाडूंच्या संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्येच लीगबरोबरच्या जुन्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं, त्यामागे हेच आकडे होते.)

“ठरवूनच हरले असतील!”

सोशल मीडियावर हे वाक्य दर हंगामात येतं. हरल्यावर बक्षीस मिळणार असेल तर कुणीतरी मुद्दाम हरेल, ही शंका रास्तच आहे. दोन वर्षांची बेरीज धरण्याचा नियम त्याला काही प्रमाणात आळा घालतो. एक वर्ष मुद्दाम हरून भागत नाही, आणि दोन वर्षं प्रेक्षक थांबत नाहीत.

शिकागोच्या बाबतीत तर हा आरोप टिकतच नाही. हरून त्यांना मिळणार काय होतं? आपली पाळी मिनेसोटाकडे जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उलट एका वेगळ्या सौद्यातून कनेक्टिकटची पाळी शिकागोकडे यायची होती. म्हणजे शिकागोच्या चाहत्यांनी खरं तर कनेक्टिकटच्या पराभवासाठी नवस बोलायला हवे होते. कनेक्टिकट हरलाही भरपूर, पण आधीच्या वर्षीचे ते २८ विजय आडवे आले आणि शिकागोच्या हाती लागली पाचवी पाळी. लॉस एंजेलिसची पाळी सिएटलकडे होती. थोडक्यात, सोडतीतल्या पाच जागांपैकी तीन परक्यांच्या हातात होत्या. शिकागो एकटाच काही उधळा नव्हता.

प्रशिक्षक, रीस आणि ते अर्ध्या सामन्याचं निलंबन

प्रशिक्षक टायलर मार्श यांचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष. त्याआधी ते लास व्हेगसला सहायक होते. त्यांच्या आधीच्या टेरेसा वेदरस्पून यांना शिकागोनं एका हंगामातच निरोप दिला होता. २०२१ चं विजेतेपद मिळवून देणारे जेम्स वेड २०२३ च्या मध्यावरच पुरुषांच्या लीगमध्ये निघून गेले. विजेत्या संघातली कँडेस पार्कर गेली, कहलिया कॉपर गेली, ॲली क्विग्ली गेली. चार वर्षांत चेहरा इतका बदलला की फक्त रंग तेच राहिले.

हे सगळं रीसनं उघड बोलून दाखवलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘शिकागो ट्रिब्यून’ला दिलेल्या मुलाखतीत ती म्हणाली की पुढच्या वर्षी असं चालणार नाही, चांगल्या खेळाडू आणा, नाहीतर मलाही माझा विचार करावा लागेल. वँडरस्लूटच्या वयाचा उल्लेखही त्यात आला. तिनं सहकाऱ्यांची माफी मागितली, पण क्लबनं तिला एका सामन्याच्या पहिल्या अर्ध्यासाठी निलंबित केलं. संघाबद्दल ती बोलली ते चूक नव्हतं. वर्तमानपत्रातून सहकारी खेळाडूच्या वयावर बोलायला नको होतं, एवढं खरं. पण ज्या पाळीच्या हक्काची किंमत देऊन क्लबनं तिला आणलं, तीच पाळी हातात नसल्यामुळे तिच्याजवळ चांगल्या खेळाडू आणणं अवघड झालं होतं. हा पेच तिनं केलेला नव्हता.

मग शिकागोजवळ उरलं काय?

हंगाम संपला तेव्हा कार्डोसो आणि रीस स्वस्त करारांवर होत्या. शहराबाहेर बेडफर्ड पार्कला स्वतःचं सराव केंद्र बांधायला घेतलेलं होतं. तोपर्यंत हा संघ डिअरफिल्डच्या सार्वजनिक क्रीडा केंद्रात, गावकऱ्यांच्या वेळा सांभाळत सराव करायचा. लीगमधल्या बहुतेक अनुभवी खेळाडूंचे करार २०२५ बरोबर संपत होते, त्यामुळे बाजारात माल भरपूर येणार होता. आणि कनेक्टिकटकडून आलेली पाचवी पाळी होती.

त्यापुढच्या, २०२७ च्या ड्राफ्टमध्ये तरी आपली पाळी आपल्याला, असं शिकागोच्या चाहत्याला वाटत असेल, तर ॲटकिन्सचा सौदा पुन्हा वाचावा लागेल. त्यात तिसऱ्या पाळीखेरीज आणखीही एक गोष्ट वॉशिंग्टनला देऊन झाली होती: २०२७ च्या पहिल्या फेरीत अदलाबदलीचा हक्क.